गोदाघाटावर मिळालेले अकरा काचेचे गोळे, आणि नाशकातली जुनी नाताळ-सजावट

शरणपूरची नात | बुधवार, रात्री ९.४०

लोकहो, आज बुधवारच्या बाजारात जे हाताला लागलं ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा धागा.

गाडगे महाराज पुलाजवळ जुन्या वस्तू घेऊन बसणाऱ्यांची एक ओळ असते. कुलपं, नळाच्या तोट्या, शिवणयंत्राची चाकं, चष्म्याच्या फ्रेमा. त्यातल्या एका गोणपाटावर, अडकित्त्यांच्या मागे, सुतळीने बांधलेला चपटा पुठ्ठ्याचा खोका होता. मला वाटलं बशा असतील. सुतळी सोडली तर आत बारा खण आणि अकरा खणांत नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळे. चार लाल, तीन रुपेरी, दोन निळे, एक देवदाराच्या फळासारखा खवल्याखवल्यांचा आणि एक गुलाबी.

हा गुलाबी गोळा घेऊन मी तासभर बसले आहे. एका बाजूने तो वाटीसारखा आत दाबलेला आहे आणि त्या वाटीत चांदणीसारख्या धारा आहेत. दिव्यासमोर धरला की प्रत्येक धारेत एकेक दिवा लागतो. काठावर पांढरी भुकटी चिकटवली आहे, बरीचशी झडली. वजन म्हणाल तर वाळक्या लिंबाइतकंही नाही. वरच्या पत्र्याच्या टोपणावर बारीक इंग्रजी अक्षरं उठवलेली आहेत, ‘वेस्ट जर्मनी’. आणि खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, मराठीत: ‘१२ नग. एक धाकट्याने फोडला, नाताळ १९७१.’

माझ्या आजीकडे शरणपूरच्या घरात असे सहा होते. वर्षभर ते तिच्या जुन्या लुगड्याच्या घड्यांत गुंडाळून पेटीत असायचे. आमच्याकडे झाड म्हणजे सुरूची फांदी, रॉकेलच्या डब्यात वाळू भरून उभी केलेली. गोळे आजी स्वतः टांगायची, आम्ही पोरं दोन हात मागे बांधून उभी. ते घर सोडताना पेटी कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. इतकी वर्षं मी ते सहा गोळे शोधत होते असं आज लक्षात आलं.

विक्रेत्याने पन्नासला एक सांगितला, म्हणजे साडेपाचशे. घासाघीस करून अख्खा खोका तीनशेला घेतला. आता जाणकारांनी सांगा: हे किती जुने असतील? स्वच्छ कसे करायचे? आणि नाशकात असं अजून कुठे मिळतं?

गोदाकाठ | बुधवार, रात्री ९.५८

फोटो टाका! वाट पाहतोय.

काचेचा मास्तर | बुधवार, रात्री १०.३५

ताई, आधी एक विनंती. पेन्सिलीची ओळ पुसू नका आणि गोळे धुऊ नका. बाकी सगळं सावकाश.

आता वय. पश्चिम जर्मनी हे राष्ट्र १९४९ मध्ये जन्मलं आणि १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर संपलं. टोपणावर ते नाव असेल तर वस्तू त्याच काळातली. झाकणावर १९७१ आहे, म्हणजे तुमचे गोळे १९४९ ते १९७१ यांच्या मधले. पण दोन गोष्टी तपासा. एका गोळ्याचं टोपण दुसऱ्याला बसतं, त्यामुळे अकराही टोपणं वाचा. आणि गोळे खणांत अंगच्या मापाने बसतात का ते पाहा. सैल पडत असतील तर खोका मूळचा त्यांचा नसेलही.

ही कला लाउशा नावाच्या डोंगरातल्या गावची, जर्मनीच्या थुरिंगिया भागातली. हान्स ग्राइनर या काच कारागिराचं नाव १८४७ सालापासून या गोळ्यांशी जोडलं जातं. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची आणि तोंडाने फुंकायची. मोकळी फुंकली तर गोळा, साच्यात फुंकली तर फळ, पाखरू, घंटा. तुमचं देवदाराचं फळ साच्यातलं आहे. त्याच्या अंगावर बारीक शिवण दिसेल, ती खोट नव्हे. मग आतून चांदी चढवतात. बारावीच्या प्रयोगशाळेत टॉलेन्सची चाचणी केलेल्यांना परीक्षानळीच्या आत चढणारा आरसा आठवत असेल. हे तेच रसायन: सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखर. चमक आतून असते आणि रंग बाहेरून दिलेला असतो.

म्हणूनच पाणी नको. बाहेरचा जुना रंग ओल्या बोटानेही सुटतो, आणि मानेतून आत पाणी गेलं तर चांदीचे पापुद्रे निघतात. मऊ, कोरडा कुंचला हलक्या हाताने फिरवा, बस. आत काळे ठिपके असतील तर ते दमटपणाने चांदी काळवंडल्याचे आहेत. ते जाणार नाहीत आणि घालवायचा प्रयत्नही करू नका.

एक गोष्ट मला फार हलवून जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेलं. तिथले बरेच कारागीर सीमा ओलांडून पश्चिमेकडे, कोबुर्गच्या भागात आले आणि तिथे पुन्हा ज्योत पेटवली. तुमच्या टोपणावर पश्चिम जर्मनी लिहिलंय, पण गोळा फुंकणारा हात लाउशाचा असू शकतो. घर सोडलेल्या माणसाने केलेली वस्तू, आणि ती दुसऱ्या कुणाच्या सोडलेल्या घरातून तुमच्याकडे आली.

शरणपूरची नात | बुधवार, रात्री ११.०५

मास्तर, डोळ्यांत पाणी आणलंत. अकराही टोपणं पाहिली. नऊंवर ‘वेस्ट जर्मनी’ आहे. खवल्यांच्या फळाचं आणि एका लाल गोळ्याचं टोपण साधं, काही न लिहिलेलं. खणांत सगळे बरोबर बसतात.

काचेचा मास्तर | बुधवार, रात्री ११.१२

मग त्या दोघांची टोपणं हरवली असतील आणि नवी घातली असतील. लाल गोळा आपल्याकडचाही असू शकतो. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादला काचेच्या बांगड्यांबरोबर नाताळचे गोळेही होतात आणि परदेशात जातात. तो वेगळा निघाला तरी कमी मानू नका. पुढे आणखी एखादा फुटल्यावर कुणीतरी भर घालायचा प्रयत्न केलेला असणार.

तांबट आळीतला | गुरुवार, सकाळी ७.२०

ताई, ‘कुठे मिळतं’ याचं उत्तर मी देतो. तीस वर्षं जुन्या पितळेच्या मागे हाच बाजार तुडवतोय.

पहिली गोष्ट, नाताळच्या वस्तू डिसेंबरात शोधू नका. डिसेंबरात ज्याच्याकडे आहे त्याला ती काय आहे ते कळतं, आणि भाव चढतो. नाशकात या वस्तू बाहेर पडतात त्या दसरा-दिवाळीच्या साफसफाईत. माळे रिकामे होतात, भाडेकरू नको असलेला पसारा काढतात, आणि रद्दीवाला तो किलोने उचलतो. त्याला काचेचा गोळा नकोच असतो, वजनच नाही. तो बाजूला ठेवतो आणि घाटावर बसणाऱ्याला देतो. दिवाळी ते नोव्हेंबरअखेर हे बुधवार सोडू नका. दुसरा हंगाम जानेवारीचा. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की झाडं उतरतात, आणि पुढच्या वर्षी मांडायचं नाही असं ज्यांनी ठरवलं ते देऊन टाकतात.

दुसरं, वेळ. उजाडता उजाडता जा. माल गोणीतून निघत असताना उभं राहायला मिळालं पाहिजे. भवानीच्या वेळी विक्रेता पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ देत नाही, म्हणून भाव बरा लागतो. उन्हं चढल्यावर गेलात तर चांगलं सगळं आमच्यासारख्यांनी उचललेलं असतं. गोदेला पूर असला तर मात्र घाटावर कुणी बसत नाही, तेव्हा पावसाळ्यात आधी दुतोंड्या मारुतीपाशी पाणी किती आहे ते विचारून निघा.

तिसरं, भांडी बाजार आणि भद्रकालीतली मोडीची दुकानं. तिथे पितळेच्या ढिगात नाताळची मेणबत्तीची घरं, घंटा, चांदण्या निघतात, बहुतेक मुरादाबादच्या. दुकानदाराला त्या समईच्या भागांसारख्या वाटतात आणि तो वजनावर देतो. मला अशाच ढिगात एक फिरकी मिळाली. खाली चार छोट्या मेणबत्त्या, वर पितळी पंखा, पंख्याला टांगलेले देवदूत. मेणबत्त्यांची गरम हवा वर गेली की पंखा फिरतो आणि देवदूतांच्या हातातल्या काड्या घंट्यांना लागून किणकिण होते. एक पातं तुटलेलं होतं. मी पितळी पत्र्याचं कापून बसवलं, तर फिरेचना. जुनं पातं पातळ होतं, माझं जड झालं होतं. तीन वेळा कानस मारून वजन जुळवलं तेव्हा फिरली. आमच्या घरी नाताळ नसतो, पण २४ तारखेच्या रात्री ती आम्ही लावतो. शेजारची पोरं बघायला येतात.

अंबड-सातपूर लिंक रोडवर भंगार बाजार आहे असं अजून कुणी सांगितलं तर जाऊ नका. तो २०१७ मध्ये महापालिकेने हटवला.

कॅम्पातली वहिनी | गुरुवार, दुपारी १.१५

देवळाली कॅम्पाकडे कुणाचं लक्ष कसं गेलं नाही? इथे फौजी घरांच्या बदल्या कायम चालू असतात. बदली झाली की घरातला जादा पसारा पाच दिवसांत विकायचा असतो. शेजारणी एकमेकींना कळवतात, फाटकावर कागद लागतो आणि अंगणात चटईवर सामान मांडतात. अशा विक्रीत मला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर काश्मिरी कागदकामाचे गोळे. श्रीनगरला पोस्टिंग झालेल्या घरांत ते हमखास असतात.

ते करायची पद्धत सांगते, म्हणजे जुना आणि नवा ओळखता येईल. कागदाचा लगदा साच्यावर थापून, वाळवून पोकळ आकार करतात. त्यावर गुळगुळीत लेप, मग नक्षीकाम, मग वार्निश. जुन्या हातच्या कामात फुलाच्या पाकळीची कडा एकाच केसाच्या कुंचल्याने ओढल्यासारखी असते आणि दोन फुलं कधी सारखी नसतात. वार्निश पिवळसर झालेलं असतं. हलक्या मालात रेघ जाड असते आणि गोळा उलटा केला की खालची बाजू उरकलेली दिसते. मी नेहमी खालची बाजू आधी बघते.

माझ्याकडे ‘हजारा’ नक्षीचा एक आहे, गोळाभर नुसती फुलं, बोट ठेवायला जागा नाही. १२० रुपयांना दिला त्या बाईंनी. ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशी त्यांना डबाभर चकल्या करून दिल्या.

मनमाडचा मुसाफिर | गुरुवार, संध्याकाळी ६.५०

माझा अनुभव लिहितो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

गेल्या वर्षी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘आजोबांच्या काळातले’ म्हणून सहा गोळे २,४०० रुपयांना मागवले. फोटोत टोपणांवर छान गंज होता. घरी आल्यावर एका टोपणाला कापसाचा ओला बोळा लावला, तर गंज बोळ्यावर आला. तपकिरी रंग होता तो. खाली नवाकोरा पत्रा. सहाही गोळ्यांवर ‘झीज’ अगदी एकाच जागी, खालच्या बाजूला, गोल. खरी झीज अशी नसते. ती जिथे दोन गोळे वर्षानुवर्षं एकमेकांना घासले तिथे असते, जिथे हात लागतो त्या मानेपाशी असते. परत घ्यायला तयार नव्हते. मी फार चिडलो होतो, कारण आईला द्यायचे होते.

तेव्हापासून वस्तू हातात घेतल्याशिवाय घेत नाही. काच गालाला लावली की गार लागते, प्लास्टिक लागत नाही. नखाने हलकं टिचकवलं की काच बोलते. मोबाइलचा दिवा मानेतून आत टाकला की चांदीचा थर कुठे उडालाय ते दिसतं. आणि टोपण काढताना तारेच्या दोन्ही पाकळ्या चिमटीत दाबून सरळ वर घ्या. तिरकं ओढलं की मान तडकते. एक मी तसाच घालवला.

निफाडची सून | गुरुवार, रात्री ८.३०

एक मनापासून विचारते, राग मानू नका. शरणपूरच्या ताईंनी साडेपाचशे सांगितलेलं तीनशेला आणलं. त्या माणसाला हे कुठले, किती जुने, काहीच माहीत नव्हतं. ताईंना त्या क्षणी कळलं होतं. मग घासाघीस करणं बरोबर का?

विचारण्याचं कारण आहे. सासरे गेल्यावर आमच्या वाड्यातल्या वस्तू एका भंगारवाल्याने किलोने नेल्या. दिवे, हंड्या, काचेच्या झुंबराचे लोलक. पुढे तेच लोलक एका दुकानात शोभेच्या भावाने पाहिले आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. घेणाऱ्याला माहीत होतं, देणाऱ्याला नव्हतं. एवढाच काय तो फरक.

तांबट आळीतला | गुरुवार, रात्री ९.१०

निफाडच्या वहिनी, प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगतो.

घाटावरचा माणूस अख्खी गोणी अंदाजाने उचलतो. त्यातल्या दहा वस्तूंपैकी चार कधीच विकल्या जात नाहीत आणि त्या चारांचे पैसे त्याला उरलेल्या सहांतून काढायचे असतात. म्हणून तो पहिला भाव चढा सांगतो आणि आपण घासाघीस करतो. हा दोघांना ठाऊक असलेला व्यवहार आहे, त्यात फसवणूक नाही. तुमच्या वाड्याचं वेगळं होतं. तिथे घरचं माणूस गेलेलं, विकणाऱ्याचं मन ठिकाणावर नाही, आणि घेणारा धंद्यातला. तिथे भाव पाडणं हे पाप आहे, मी तोच शब्द वापरेन.

मी स्वतःपुरता एक नियम पाळतो. जी वस्तू मी कुठल्याही भावाने सोडणार नाही, तिच्यावर घासाघीस करत नाही. सांगेल ते देतो. ज्या वस्तूवाचून माझं अडत नाही तिथे खुशाल हटून बसतो.

शरणपूरची नात | गुरुवार, रात्री ९.४५

निफाडच्या ताई, राग कसला, बरं झालं विचारलंत. मी तो खोका हजार सांगितले असते तरी सोडला नसता. तेव्हा दादांच्या नियमाने मी चुकले. पुढच्या बुधवारी जाते.

सिडकोचा वायरमन | शुक्रवार, सकाळी ८.०५

गोळ्यांबद्दल मला कळत नाही, पण जुन्या माळा आणि झिरमिळ्या कुणी घेणार असेल तर हे वाचाच.

परदेशातून आलेल्या जुन्या दिव्यांच्या माळा बऱ्याचदा ११० ते १२० व्होल्टच्या असतात, विशेषतः अमेरिकेतल्या. आपल्या घरी २३०. लावली की बल्ब फुटतात, वायर पेटू शकते. वायरवर कापडी वेष्टण असेल किंवा रबर हाताला चुरचुरत असेल तर ती माळ प्लगमध्ये घालायचीच नाही, व्होल्ट कितीही असोत. बल्ब आवडले असतील तर ते काढून नुसते शोभेला टांगा.

आपल्याकडच्या जुन्या बारक्या बल्बांच्या माळा सिरीजमध्ये असतात. छत्तीस-चाळीस बल्बांत मिळून २३० व्होल्ट वाटले जातात, म्हणून एकेकाला सहाच्या आसपास येतात. एक गेला की सगळे जातात. काही जण गेलेला बल्ब काढून वायर थेट जोडतात. असं दोन-चार वेळा केलं की उरलेल्या बल्बांवर ताण येतो आणि ते भराभर जळतात. विकत घेताना अशा गाठी मोजा.

आणि झाडावरून सोडायच्या जुन्या रुपेरी झिरमिळ्या. पूर्वी त्यात शिसं असायचं. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास ते थांबवलं, कारण लहान मुलं त्या तोंडात घालतात. ओळखायला सोपं आहे. शिशाची झिरमिळी जड असते, सरळ खाली लोंबते, चुरगळली तर आवाज करत नाही आणि कागदावर घासली की करडी रेघ उमटते. हलकी असेल, पंख्याच्या वाऱ्याने उडत असेल, तर प्लास्टिकची. लहान मुलं असलेल्या घरात शिशाची आणू नका, कितीही स्वस्त मिळू द्या.

शरणपूरची नात | शुक्रवार, सकाळी ९.३०

दादा, फार मोलाचं लिहिलंत. आमच्याकडे तीन वर्षांची नात आहे, तेव्हा झिरमिळ्या कटाप.

ठेवायचं कसं तेही कुणी सांगा. मी आत्ता वर्तमानपत्रात गुंडाळलेत.

काचेचा मास्तर | शुक्रवार, सकाळी ९.५०

आत्ताच्या आत्ता सोडवा! छापील शाई रंगाला चिकटते. धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड घ्या. आजीचं लुगडं हा अगदी बरोबर उपाय होता. छोटे गोळे पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये छान बसतात. माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात स्लॅबखाली भट्टी होते. कपाटाचा मधला खण बरा. पावसाळ्याआधी बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या आत टाका.

कॅम्पातली वहिनी | शुक्रवार, दुपारी १२.२०

वाचनखूण साठवली. पुढच्या बुधवारची वाट बघतेय.

शरणपूरची नात | पुढचा बुधवार, सकाळी ११.१५

आत्ताच घाटावरून आले. पावणेसातला पोहोचले, पाण्यावर धुकं होतं. तो माणूस गोणी सोडत होता. मी सरळ सांगितलं की गेल्या बुधवारी तुमच्याकडून तीनशेला खोका नेला, तो मला त्याहून मोलाचा आहे, हे राहिलेले अडीचशे घ्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, पैसे घेतले, मोजले, खिशात ठेवले. मग म्हणाला, “त्याच घरातलं अजून एक आहे. कोणी घेईना म्हणून आणलं नव्हतं. थांबा, पोराला पाठवतो.”

विचारलं तेव्हा कळलं की नाशिकरोडला रेल्वेत नोकरी केलेल्या एका माणसाचं घर रिकामं झालं. म्हातारी आई होती ती गेली, मुलं बाहेरगावी. त्यातला धाकटा कोण, ते त्याला माहीत नव्हतं.

अर्ध्या तासाने पोरगा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत लाकडाच्या भुशात गव्हाणीचा देखावा. मरिया, योसेफ, एक मेंढपाळ, दोन मेंढ्या, एक उंट, आणि बोटभर गव्हाणी. सगळं प्लास्टरचं, रंग हाताने दिलेला. मरियेच्या ओढणीचा निळा अजून ताजा आहे. मेंढपाळाचा उजवा हात कोपरापासून नाही. आणि गव्हाणी रिकामी. भुसा कागदावर ओतून बोटांनी चाळला, बाळ नाही.

चारशे सांगितले. चारशे दिले.

तांबट आळीतला | बुधवार, सकाळी ११.४०

ताई, आता तो माणूस पुढे तुमच्यासाठी वस्तू बाजूला ठेवील, बघा.

शरणपूरची नात | बुधवार, सकाळी ११.४४

हो दादा, निघताना त्यानेच माझा नंबर घेतला.

पंचवटीकर | बुधवार, दुपारी २.३०

मेंढपाळाच्या हाताची काळजी करू नका. पाण्यात मात्र अजिबात घालू नका, प्लास्टर पाणी शोषतं आणि रंग सुटतो. गणपतीच्या मूर्तिकाराकडे न्या. नवरात्र झालं की त्यांच्याकडे काम कमी असतं. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकूंच्या योसेफाचा हात मी आमच्या मूर्तिकाराकडून करून घेतला. त्याने पुतळा उलटसुलट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “ह्यांच्या हातात काय होतं?” काकूंना आठवेना, काठी की कंदील. तो म्हणाला, खांदा पुढे आलाय, म्हणजे उजेड दाखवतायत. बारीक तारेवर कागदाचा लगदा आणि खडू बसवून हात केला आणि तारेचाच कंदील. दीडशे रुपये घेतले. तुमच्या मेंढपाळाचा खांदा कसा आहे त्याचा फोटो टाका.

वसईचा, आता गंगापूर रोड | बुधवार, दुपारी ४.१०

ताई, बाळ का नाही ते मी सांगतो. वसईला आमच्या घरी देखावा आधीपासून मांडलेला असतो, पण गव्हाणी २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी. बाळ त्या रात्रीच ठेवायचं. म्हणून ते देखाव्याच्या डब्यात कधीच नसतं. ते आईच्या कपाटात असतं, दागिन्यांच्या डबीत किंवा प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी. घर रिकामं करणाऱ्यांना ते ठाऊक नसतं, त्यामुळे डबा एकीकडे जातो आणि बाळ दुसरीकडे. जुने देखावे घेताना मला दर वेळी हेच दिसलंय. तुमच्या त्या म्हाताऱ्या आईनेही ते वेगळंच जपलं असणार.

माझ्याकडे उलटं झालंय. आजीच्या कपाटात बाळ सापडलं, देखावा भावाकडे होता तो पुरात गेला. मेंढ्या किती इंचाच्या आहेत?

शरणपूरची नात | बुधवार, दुपारी ४.२५

मोजल्या. मेंढी पावणेदोन इंच, उंट साडेचार. गव्हाणी आतून सव्वा इंच लांब.

वसईचा, आता गंगापूर रोड | बुधवार, दुपारी ४.५०

बाळ एक इंचाहून किंचित मोठं. बसेल. पुढच्या बुधवारी सात वाजता पुलाखाली घेऊन येतो. २४ तारखेपर्यंत ते कपाटात ठेवा, डब्यात नको.